सविनय तातूभावजी

आमच्या शेजारच्या तातूभावजींना साखर हवी असली की ते मागत नाहीत, अर्ज करतात. कागदावर नव्हे, तोंडी. मागीलदारी येऊन उभे राहतात, चपला काढतात, दोन्ही हात पाठीमागे धरतात, नजर माझ्या पायांवर ठेवतात आणि कचेरीतल्या मराठीत सुरू होतात, "सविनय विनंती अशी की, अर्जदाराकडील साखर संपली असल्याकारणाने अर्धी वाटी साखर मिळावी."

एरवी हा माणूस पक्का मालवणी. बांगडा महागला तर मालवणीत शिव्या घालतो, माकडांनी शहाळी पाडली तर मालवणीत रडतो. पण मागायची वेळ आली की त्याची भाषा एकदम ताठ होते. मी कितीदा सांगितलं, "भावजी, नुसती साखर व्हयी म्हणा नि मोकळे व्हा." तर घाबरून म्हणतात, "तसा कसा, वयनी? अर्जाबगर काय गावता?" बरं, साखर हातात दिली तरी हलत नाहीत. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, आणखी काहीतरी हवंय. मग कळलं, त्यांना "जावा" म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर वाटी धरून उभे.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी हसतेच. पण एक गोष्ट अशी आहे की तिला अजून हसता येत नाही. तातूभावजी येतात ते ऐकू येत नाही. आमच्या मागीलदारी फणसाची सुकी पानं पडलेली असतात. सरडा त्यांच्यावरून गेला तरी मला चुलीपाशी कळतं. त्याच पानांवरून हा सहा फुटी माणूस येतो आणि एक पान वाजत नाही. उन्हं कलताना मी कढीला फोडणी देऊन मागे वळते, तर दारात हात पाठीमागे बांधलेली उंच आकृती. दोनदा कढी सांडली. एकदा मी किंचाळले ती अशी, की त्यांनी स्वतःच भिऊन भिंतीला पाठ लावली आणि उकिडवे बसले.

मी विचारलं, "पाय वाजत कसे नाय ओ तुमचे?"

"बराकीत शिकलंय," ते म्हणाले. "शंभर माणूस खाली झोपलेला. रात्री संडासाक जावचा तर माणसांच्या मधसून जावचा. एकाच्या हातार पाय पडलो, काय फाटफटीपर्यंत, उजाडापर्यंत मार." मग जरा अभिमानाने, "माजो पाय कधी कोणाक लागलो नाय."

आता हे अर्जदार कोण ते सांगते. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. मसुऱ्याच्या अलीकडे की पलीकडे, तेही विचारू नका. शेवटपर्यंत वाचलंत तर कारण कळेल, आणि कळलं तर आमच्या गावकारआबांच्या कानावर घालू नका.

मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा शेजारचं घर बंद होतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तातूचा घर. तो भायर आसा." आमच्याकडे भायर म्हणजे मुंबईला, नाहीतर आखातात. मी तसंच समजले. चतुर्थीला घरभर माणसं जेवायला बसलेली असताना मी वाढता वाढता म्हणाले, "शेजारचे तातूभावजी गणपतीक सुद्धा येणत नाय? असली कसली ती नोकरी?" सगळ्यांचे घास हातात राहिले. सासूबाईंनी मला आत नेऊन सांगितलं तेव्हा कुठे मला कळलं की मी कोणाच्या शेजारी राहते.

तातूभावजींनी आपल्या चुलतभावाला, वासूला, मारलं होतं. दोघांच्या बांधावर एक काजूचं झाड होतं. ते कोणाचं, यावरून शब्दाला शब्द वाढला. दोघेही शुद्धीत, कोणी प्यालेलं नव्हतं. भावजींच्या हातात कोयता होता. एकच घाव. त्यानंतर ते पळाले नाहीत. वासूचं डोकं मांडीवर घेऊन पोलीस येईपर्यंत तिथेच बसले होते, असं सासूबाई सांगायच्या. जन्मठेप झाली. बायकोपोर नव्हतं, आई होती ती मागे गेली. वासूची बायको सुलूआक्का मात्र वाडीतच राहिली, एकटी. म्हणजे आमच्या डाव्या हाताला मारणाऱ्याचं बंद घर, उजव्या हाताला मेलेल्याचं उघडं घर आणि मधे आम्ही. माझ्या माहेरच्यांना मी हे अजून नीटसं सांगितलेलं नाही.

शिक्षा भोगून भावजी परत आले आणि सरळ शेजारी राहायला लागले. आले ते आपलं सगळं वेळापत्रक घेऊन आले. संध्याकाळी पाचला त्यांचं रात्रीचं जेवण होतं. जेवणाला ते भत्ता म्हणतात. वाडीत कोणी भेटलं तर विचारतात, "भत्ता झालो?" नवा माणूस बुचकळ्यात पडतो. सूर्य बुडायच्या आत आत जाऊन दार लावून घेतात आणि आतून सांगतात, "बंदी झाली!" कोणाला सांगतात देव जाणे. घरात बाकी माणूस नाही. अंथरुणाची घडी अशी करतात की पेटीसारखे कोपरे निघतात. पोलीस, तलाठी, शाळामास्तर, विमावाला, पँटीत शर्ट खोचलेला कोणीही खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आला की हे भिंतीशी उकिडवे. एकदा माझा भाऊ पुण्याहून आला होता. तो बिचारा त्यांना उठवायला गेला, तर त्यांनी त्याला "साहेब, गुन्हो काय?" विचारलं.

आणि त्यांच्या घरातला दिवा. तो कधी बंद होत नाही. बराकीत म्हणे लाइट कधीच विझत नसे, चेहरे दिसायला हवेत म्हणून. इतकी वर्षं उजेडात झोपलेल्या माणसाला काळोखाची भीती बसली. पावसात वीज गेली की ते आमच्या पडवीत येऊन बसतात. न बोलावता, न वाजता. मी मेणबत्ती पेटवते आणि तिच्या पलीकडे त्यांचा चेहरा असतो.

अशाच एका पावसाळी संध्याकाळी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. बाजारात तारल्या कशा होत्या ते सांगावं त्या सुरात. बराकीत त्यांच्या शेजारी एक म्हातारा कैदी झोपायचा. तो एकदा बंदी झाल्यावर मेला. "दार फाटफटीक उघडता," भावजी म्हणाले. "तवसर तो थंयच. माजी चटय नि तेची चटय लागान. मी तेका विचारलंय, बाबा, आता बरा वाटता मां?"

"आणि?" मी विचारलं, कारण मला राहवत नाही.

"काय बोललो नाय. पण आयकत होतो." एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा फुंकून फुंकून पिऊन टाकला. त्या दिवसापासून आमचे हे वीज गेली की आधी मेणबत्ती शोधतात आणि मग भावजींना अर्जाशिवायच आत घेतात.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमचा गाव पळतो.

घाबरू नका. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेतात, कौल मिळाला की ढोल वाजतो आणि अख्खा गाव वेशीबाहेर जातो. त्याला गावपळण म्हणतात. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळे. तीन दिवस, तीन रात्री गावात जीव म्हणून राहता कामा नये. तेवढे दिवस गाव देवाचा आणि देवचाराचा. देवचार म्हणजे गावाचा राखणदार, दिसत नाही पण असतो. वेशीवर वहाळ, म्हणजे ओढा, आहे, त्याच्या पलीकडच्या माळावर आम्ही झावळांच्या खोपी घालतो. मोठी मजा असते. भजनं, फुगड्या, वहाळातले मासे, तीन दगडांच्या चुली. फक्त तिन्हीसांजेला सगळा माळ गप्प होतो, कारण समोर उतारावर गाव दिसत असतो. कौलं आहेत, माड आहेत आणि कुठून धूर निघत नाही. कुत्रं भुंकत नाही. आपलंच घर आपल्याकडे परक्यासारखं बघत राहतं.

मागच्या पळणीला, दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, त्या रिकाम्या गावात दिवा लागला.

पहिल्यांदा फुगडी घालणाऱ्या एका पोरीने पाहिला. मग सगळ्यांनी. एकच, लहानसा, हलणारा. विजेचा नव्हे. बायकांनी मुलांना खोपीत ओढलं. आमचे हे भुताखेतांवर विश्वास ठेवत नाहीत, पण माझ्या पदराचं टोक त्यांच्या मुठीत होतं. गावकारआबा पुढे झाले. हे आमचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी हात जोडले, "बा देवा म्हाराजा, गाव तुज्या ताब्यात दिलो हा. जा काय चलला हा ता तुका ठावक. आमच्या पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा माळ ओरडला.

"नि कोणी वहाळ वलांडूचो नाय," आबांनी बजावलं. "वलांडलो तर पळण मोडली. मगे तो गावात नाय नि गाव तेचो नाय." त्यांचाही आवाज फाटला होता. तिसऱ्या दिवशीही तोच दिवा, त्याच जागी, त्याच वेळी.

चौथ्या दिवशी कौल घेऊन गाव परत शिरला. दिवा सापडला सुलूआक्काच्या खळ्यात. तुळशीपुढे पणती, तळाशी थोडं तेल, जळून काळी झालेली वात. बायका जमल्या, कोणीतरी कुजबुजलं, "वासू इल्लो." मग सगळ्याच म्हणाल्या, वासू येऊन गेला, घराची वड, बायलेची वड.  आक्काने पणती उचलली, डोळ्यांना पदर लावला आणि खळं झाडायला घेतलं.

त्याच सकाळी फाट्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये तातूभावजी कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले सापडले. म्हणाले, "आत्ताच इलंय." दुसरी कुठची वेळ असती तर गावात किती गदारोळ झाला असता. खुनी परत आला, वासूच्या दारासमोरून जाणार, त्याला ठेवायचा की नाही. पण त्या दिवशी गावाला भुतापुढे कैद्याची पर्वा नव्हती. सगळे आक्काच्या खळ्यात. भावजी आपल्या घराचं कुलूप काढून आत गेले, दार लावून घेतलं आणि आतून आवाज आला, "बंदी झाली!" तो पहिल्यांदा मीच ऐकला.

त्या दिव्याने आक्काचं दैव पालटलं. एवढी वर्षं तिच्या घराला लोक वळसा घालून जायचे, नवऱ्याला अपमृत्यू आलेला म्हणून. आता बायका नारळ घेऊन यायला लागल्या. जिचा माणूस मेल्यावरसुद्धा दिवा लावायला येतो, तिला नावं कोण ठेवणार? आक्का बोलायला लागली, लग्नाकार्यात दिसायला लागली. तिन्हीसांजेला ती खळ्यात तुळशीपाशी बसते आणि वाटेकडे बघते. आणि तिच्या खळ्यावरून जाऊ नये म्हणून तातूभावजी दुकानात जायला वहाळाकडून लांबचा फेरा घालतात. दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती.

वर्ष गेलं. भावजींच्या माडांचे नारळ झाले, त्यांनी ते सुकवून घाण्यावरून तेल काढून आणलं. आणि एका सकाळी मागीलदारी चपला निघाल्या, हात पाठीमागे गेले.

"सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने आपल्या पडवीतील बाटलीतून न विचारता घेतलेले तेल जमा करून घेण्यात यावे."

मी बाटली घेतली. "कधी घेतलेला?"

"पळणीक."

मला आधी समजलंच नाही. मग असं समजलं की मी तिथेच पायरीवर बसले. भावजी समोर उभेच. मी म्हटलं, "आत येवा. बसा. नि मालवणीत सांगा."

ते पळणीच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी फाट्यावर उतरले होते. माळावरच्या खोपी त्यांना रस्त्यावरूनच दिसल्या. "सगळो गाव, वयनी. एकदम सगळो! जेलात मुलाखतीक एक माणूस येता, लय तर दोन. माका तर आवस गेल्यावर कोणच नाय. नि हय सगळो गाव तोंड करून बसलेलो. कसो जातलंय?" म्हणून ते मागच्या अंगाने, कोणी नसलेल्या गावात उतरले. पळण आहे हे त्यांना माहीत होतं. नियमही माहीत होता. पण लहानपणापासून ओळखीचा गाव, आणि त्यांच्याकडे बघणारं कोणी नाही. ते तिन्हीसांजेपर्यंत फिरले म्हणे. शाळा बघितली, विहीर बघितली, देवळाच्या पायरीवर बसले. एका खिडकीपासूनसुद्धा त्यांनी तोंड लपवलं नाही.

"नि दिवो?"

ते तेलाच्या बाटलीकडे बघत म्हणाले, "काळोख पडूक लागलो. माका सोसणा नाय. वाटला, एक दिवो लावया. माज्या तुळशीचा नुसता वृंदावन रवलेला, तुळस खंय? वासूच्या खळ्यात तुळस होती." मग म्हणाले, "तिचो दिवो मीच इझवलंय मां, वयनी. एकदा लावची बुद्धी झाली. मागीर इलंय तर लोक म्हणतत वासू इल्लो. आता मी काय सांगू?"

मी माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगायला हवं होतं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. वाडीत कोणाला काय झालं हे कोणाच्या सुनेआधी मला कळतं आणि माझ्याकडून सगळ्यांना. ही एक गोष्ट मी गिळली. नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. आक्का तुळशीपाशी बसलेली दिसली की मी खिडकी लावून घ्यायचे. ज्याने नवरा मारला त्याच्याच हातचा दिवा ती नवऱ्याचा म्हणून जपत होती. तिला कळलं तर? आणि आबांना कळलं तर भावजींना दुसऱ्या दिवशी गाव सोडावा लागेल. कुठे जातील? त्यांना तर "जावा" म्हटल्याशिवाय माझ्या दारातूनही जाता येत नाही.

यंदा पुन्हा कौल मिळाला. ढोल वाजला आणि वाडीत एकच विषय, वासू येतलो. मुंबईची पोरंसुद्धा रजा काढून आली, मोबाइल चार्ज करून. आक्का मुकाट्याने बोचकं बांधत होती. आणि निघायच्या सकाळी अर्जदार हजर.

"सविनय विनंती अशी की, तिन्हीसांजेच्या सुमारास अर्जदाराची चौकशी झाल्यास, तो वहाळावर पाय धुवायला गेला आहे, असे कळविण्यात यावे."

"अर्ज नामंजूर," मी म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले. ते गोरेमोरे झाले. "भावजी, गेल्या खेपेक तुम्ही गावाच्या हिशेबात नव्हतास, कोण मोजीत नव्हता. यंदा आबा मोजतले. नि देवाचो नेम आसा. गावाक काय झाला तर?"

"दिवो दिसाक नाय तर ती काय समजतली?" ते म्हणाले. "समजतली, वासू इसारलो. दुसऱ्यांदा मारलेलो बरो काय तो माज्या हातान?"

 देवाला भिणारी बाई मी. त्यांना न जाण्याची शपथ घातली आणि आम्ही सगळे माळावर गेलो.

पहिल्या दिवशी तिन्हीसांजेला सगळा गाव वहाळाकडे तोंड करून उभा राहिला. पोरांनी मोबाइल रोखले. समोर गाव काळा होत गेला. घरं गेली, मग माड गेले, मग उतार गेला. दिवा लागला नाही. कोणी म्हणालं, उद्या. दुसऱ्या दिवशीही नाही. बायका आक्काकडे चोरून बघायला लागल्या. "वासू रागावलो," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "बायलेचा काय चुकला असात." पाच वर्षं नारळ घेऊन येणाऱ्याच या. मला एकेकीच्या तोंडात चुलीतलं लाकूड घालावंसं वाटलं. आक्का आपल्या खोपीपुढे भाताची पेज ढवळत होती आणि मान वर करत नव्हती. पलीकडे तातूभावजी भिंतही नसलेल्या जागी भिंतीला टेकल्यासारखे उकिडवे बसले होते. पाचचा भत्ता त्यांनी दोन दिवस घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी उजेड उतरायला लागला आणि मी पाहिलं तर ते नव्हते.  तेवढ्यात आबांनी विचारलंच, "तातू खंय गेलो?"

"वहाळार," मी म्हणाले. "पाय धुवक." आणि कळशी उचलून निघाले. बघते तर आक्काचीही खोप रिकामी.

वहाळात पलीकडे जायला दगड टाकलेले आहेत. मी करवंदीच्या जाळीपाशी पोचले तेव्हा भावजी मधल्या दगडावर होते. हातात काडेपेटी. पलीकडे अंधारात शिरणारी वाट. आणि त्यांच्या मागे, दोन दगड अलीकडे, लुगड्याचा ओचा वर धरून सुलूआक्का पाण्यात उभी. वर आभाळात थोडासा उजेड, खाली पाणी काळं. दोघं अशी दिसत होती की मला क्षणभर वाटलं, ही माणसं नव्हेत. 

"तातू," आक्का म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव. "पाठी फीर."

भावजी वळले. आणि तिला बघितल्याबरोबर तिथेच दगडावर उकिडवे बसले, हात डोक्यावर. "सविनय..." एवढंच निघालं. पुढे त्यांना येईना.

"आबान बगल्यान तर तुका गावाभायर घालतीत. ऊठ."

"दिवो..." भावजी म्हणाले.

"माका ठावक आसा दिवो कोणी लायलो तो. पयल्याच दिवशी कळला." आक्काचा आवाज चढला नाही. "वासू जिवंत आसताना कधी तुळशीकडे ढुंकान बगूक नाय. वात कशी वळतत ता तेका म्हायत नव्हता. मेल्यार शिकलो? नि त्याच दिवशी तू शेडीत बसलेलो गावलंस. माका काय तितक्या कळणा नाय?"

मी जाळीच्या काट्यात पदर अडकवून उभी होते. चार वर्षं मी जे पोटात धरून बसले होते ते तिच्या पोटात माझ्याआधीपासून होतं.

"मगे बोललंस कित्याक नाय, सुलूवयनी?"

"बोललंय आसतंय तर तू खंय गेलो आसतंस?"

वहाळ वाजत राहिला. भावजी रडत होते, पण त्यांचं रडणंही त्यांच्या चालण्यासारखं, आवाज नसलेलं. खांदे तेवढे हलत होते.

"माफ केलंय असा समजा नको," आक्का म्हणाली. "ता माका जमाचा नाय. देवान सांगल्यान तरी जमाचा नाय. पण त्या दिवशी मी घरात पाय ठेवलंय तेव्हा खळ्यात दिवो होतो. इतक्या वर्सांत माज्या खळ्यात दुसऱ्या कोणी दिवो लावक नाय. तेवढ्यासाठी मी गप रवलंय. आता पुरे. लोक काय म्हणतीत ता म्हणांदेत. माका वासू इसारलो नाय नि मी वासूक इसराक नाय. तेका तुज्या दिव्याची गरज नाय. ऊठ, चल."

वहाळाच्या मधल्या दगडावर गाव संपतो की सुरू होतो, पळण मोडली की नाही, हे मी आबांना आजपर्यंत विचारलेलं नाही.

भावजी उठले. काडेपेटी त्यांनी खिशात ठेवली आणि दोन दगड मागे, तिच्यापर्यंत आले. एव्हाना अंधार पडला होता, दगड दिसत नव्हते. आक्का वळायला गेली आणि तिचा पाय सटकला. भावजींचा हात पुढे आला आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबला. त्या हाताने काय केलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. त्यांनी तो मागे घेतला.

"माका काळोखात दिसणा नाय," आक्का म्हणाली. "फुडे चल. पाय खंय ठेवचो ता सांग."

भावजी तिला वळसा घालून पाण्यातून पुढे आले. मग एकेका दगडावर थांबून, मागे न बघता, मालवणीत सांगायला लागले. "हय दगड आसा, सुलूवयनी. मोठो आसा. हय शेवाळ. डावीकडे ठेव. आता पाणी, घोट्याइतक्या, भिया नको. हय दगड..."

त्यांच्या पायांचा पाण्यात आवाज येत होता. मुद्दाम पाय आपटत होते, तिला कळावं म्हणून.

"सावकाश रे," मागून आक्का म्हणाली. "मी खंय पळान जावचंय नाय."